एरंडेल लागलेलं लायसन

गया, माझी बायको, तिच्याबरोबर मी केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे आम्ही दोघांनी गच्चीवर माझ्या बापाचे कागद वाळत घातले. दरवर्षी कुरडया झाल्या की ती हे काम काढायची. गुडघे दुखत होते तरी कागदांचा डबा स्वतःच घेऊन वर आली, मला हात लावू दिला नाही, कारण मागच्या खेपेला मी तो जिन्यात आपटला होता. पाण्याच्या टाकीच्या सावलीत तिनं जुनं लुगडं अंथरलं. कुरडया उन्हात, कागद सावलीत, हा तिचा नियम. कागदाला नुसती झळ लागली पाहिजे, ऊन लागलं की शाई उडते. प्रत्येक कागदावर काहीतरी वजन हवं, म्हणून कुठं चमचा, कुठं बत्ता, कुठं लाटणं. एका पोस्टकार्डावर तिनं स्वतःचा चष्मा ठेवला आणि मग तोच शोधत बसली. मधेच वारा सुटला. "धरा की नीट, हाताला काय मेंदी लावलीय का?" म्हणाली. मी म्हटलं, "वारा आहे, वाऱ्याला धरू का?" तर म्हणे, "वाऱ्याला कशाला, पोस्टकार्डाला धरा." असं आमचं बोलणं. पन्नासच्या वर वर्षं असंच बोललो आम्ही, गोड बोलायला दोघांनाही कधी जमलं नाही. दुपारी कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे घालून तिनं डबा बंद केला, खाली आलो, चहा झाला. त्याच आठवड्यात ती गेली. मेथी निवडता निवडता पाठ टेकते म्हणाली, ती उठलीच नाही. यावर मी जास्त लिहीत नाही. लिहिता येत नाही.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. खुर्चीवर बसलो की वाटतं गॅस चालू राहिला. स्वयंपाकघरात गेलो की वाटतं बाहेर कोणी बेल वाजवली. डबा काढतो, उघडतो, वास घेतो, परत ठेवतो. मिलिंद, म्हणजे माझा मुलगा, पुण्याहून दर शनिवारी येतो आणि मला असा फिरताना बघून तोही फिरायला लागतो. त्यानंच कुठून तरी शोधून एका संस्थेच्या बाईंना घरी आणलं. शहरातल्या कष्टकरी माणसांचे जुने कागद, वस्तू त्या जमा करतात. हमाल, विडी कामगार, टांगेवाले, टॅक्सीवाले, सगळ्यांचं. बाई तरुण, चांगली होती, बोलणं नरम. पांढरे हातमोजे घालून तिनं एकेक कागद उलटला. बापाचं लायसन हातात घेतल्यावर थांबली. म्हणाली, "काका, हा डाग कसला?" मी तोंड उघडायच्या आत मिलिंद म्हणाला, "सॉरी मॅडम, ते घरच्यांच्या हातून खराब झालंय." माझं डोकंच फिरलं. खराब काय खराब! मी म्हटलं, "कागद न्यायचे असतील तर हा डागही न्यावा लागेल, आणि तो कशाचा हे पण. मी लिहून देतो, मग बघू." माझी शाळा सातवीपर्यंत, पण अक्षर चांगलं आहे. उभा जन्म गाड्यांवर नंबर रंगवले. तेव्हा लिहितो.

माझा बाप नाशिकरोड स्टेशनवर टॅक्सी चालवायचा. आम्ही त्याला आबा म्हणायचो. मूळचा चांदवडकडचा, जमिनीचा तुकडा नव्हता, म्हणून कोवळ्या वयात शहरात आला, आधी गाड्या धुतल्या, मग चालवल्या. त्याची गिऱ्हाइकं जास्त करून देवळाली कॅम्पातली. बदली होऊन आलेले जवान, त्यांच्या बायका, पोरं, लोखंडी ट्रंका, पितळेच्या बादल्या. कोण पंजाबचा, कोण केरळचा. आबाला त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना आबाची, पण कॅम्प येईपर्यंत सगळं बोलून व्हायचं. रेल्वेलाइनच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या, वर पत्रा. शंटिंगचं इंजिन डबे आपटायचं तो आवाज, आणि दिवसा देवळालीकडून लष्कराच्या सरावाच्या तोफांचा. तोफ वाजली की मांडणीवरच्या थाळ्या आधी थरथरायच्या आणि मग आवाज ऐकू यायचा, असं आम्हाला वाटायचं. खरं तसं नसेल. माय चुलीपुढं बसून बाजरीच्या भाकरी थापायची आणि तोफेला शिव्या द्यायची. आबाच्या डब्यात दोन भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, आणि मिळाली तर सुकट. सुकटीचा वास गाडीत बसतो म्हणून गिऱ्हाईक कुरकुर करायचं. आबा म्हणायचा, "वास उतरंल, भूक उतरंल का?"

त्याला सही सोडून काही लिहिता येत नव्हतं, पण कागद टाकून द्यायचा नाही ही त्याची सवय. कधी काळी एका नाक्यावर त्याला अडवलं होतं, हवा तो कागद घरी कणगीखाली राहिला होता, आणि कागद येईपर्यंत गाडी तिथं उन्हात उभी. गाडीत एक बाई आजारी सासऱ्याला घेऊन बसलेली. ते त्याच्या मनाला लागलं. "कागद हाय तोवर माणूस हाय," असं म्हणायचा. पलंगाखाली पत्र्याची पेटी होती. तीत लायसनची पुस्तकं, दंडाच्या पावत्या, गिऱ्हाइकांनी पत्ता लिहून दिलेल्या चिठ्ठ्या, खाकी शर्टातला एक फोटो, फौजी कोटाचं पितळी बटण, आणि कुणाच्या तरी तान्ह्या लेकराचा लोकरीचा एकच मोजा. दुसरा मोजा घालून ते लेकरू जबलपूरला गेलं. आणि पोस्टकार्डं. बदली झालेले जवान त्याला कार्डं टाकायचे, हिंदीत, वेड्यावाकड्या अक्षरात. मी वाचून दाखवायचो, तो जेवत ऐकायचा. भराभर वाचलं की घास थांबवून म्हणायचा, "हळू वाच. हा माणूस हळू बोलायचा."

मला एकोणिसावं लागलं आणि माझं लग्न झालं. गया सायखेड्याची. नदीकाठची माणसं, घरात धान्य, कांदा, डाळी, त्यामुळे साठवणीची तिला भारी अक्कल. आल्या आल्या पहिल्याच सकाळी तोफ वाजली तर पिठाचे हात घेऊन बाहेर पळाली, "भिंत पडली, भिंत पडली!" माय आणि शेजारणी पोट धरून हसल्या. त्यानंतर तिनं ठरवलं असावं की या घरात परत हसू करून घ्यायचं नाही. तेव्हा सून सासऱ्याशी बोलत नसे. आबा मला म्हणायचा, "तिला सांग, आमटीत मीठ जास्त पडलंय." ती हातभर अंतरावर बसलेली. मी सांगायचो, "मीठ जास्त पडलंय." ती मला म्हणायची, "त्यांना सांगा, मीठ आत्याबाईंनी टाकलं." आणि माय पळीनं भांड्यावर ठोकायची. असा तो कारभार.

त्या वर्षी पावसाळ्यात भिंती ओल धरून बसल्या. आबानं एकदा पेटी उघडली तर कागदांना कसर लागलेली, चंदेरी किडे इकडून तिकडे पळतायत. एका पोस्टकार्डाचा खालचा कोपरा पार गेला होता. मला बोलावून म्हणाला, "बघ रे, कोणाचं हाय?" मी म्हटलं, "नाव खाल्लं आबा. मजकूर आहे, नाव नाही." तो ते कार्ड घेऊन बराच वेळ बसला, उजेडाकडे धरून, जसं काही उजेडात नाव परत उगवेल. त्याला तो माणूस आठवत होता, त्याची ट्रंक आठवत होती, नाव तेवढं आठवत नव्हतं. गया चुलीपाशी बसून हे सगळं बघत होती. तिला आबाशी बोलायची सोय नव्हती, पण डोळ्यांना कोण अडवणार?

त्याच आठवड्यात लायसनची मुदत संपत होती. गाडीचं इंजिन उघडलेलं, म्हणून आबा गॅरेजवर जाऊन बसलेला, आणि खिशातलं लायसन पेटीत. गाडी बांधून झाली की दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन नवं करून आणायचं, असं ठरलं होतं. माय बाजाराला गेली होती. मी संध्याकाळी घरी आलो तर दारातच एरंडेलाचा वास. अंगणात दोन सुपं मांडलेली आणि सुपांत आबाचे कागद. तिच्या माहेरी तुरीच्या डाळीला एरंडेल चोळून ऊन देतात, मग डाळीला वर्षभर किडा शिवत नाही. तिनं तेल कोमट करून, दोन बोटांनी, पानाला चुना लावावा तसं, एकेका कागदाला लावलं होतं. काम इतकं निगुतीनं केलेलं की एक कोपरा सुटला नव्हता. आणि सगळे कागद पतंगाच्या कागदासारखे झालेले. या अंगाचं त्या अंगाला दिसत होतं, पावतीतून पावती, चिठ्ठीतून चिठ्ठी.

"काय केलंस हे?" मी म्हटलं.

"तेल लावलं. आता एक किडा लागायचा नाय."

"कोणाला विचारून?"

"विचारू कोणाला? आत्याबाई बाजारात, तुम्ही नंबर रंगवाय, मामा गॅरेजात. कसर काय तुमची वाट बघत थांबती का?"

मी लायसन उचललं. दौतीच्या शाईनं लिहिलेलं होतं ते राहिलं होतं. पण बॉलपेननं लिहिलेलं फुगून पसरलं होतं, आणि शिक्क्याची जांभळी शाई आबाच्या फोटोवर चढून अर्धं तोंड खाऊन बसली होती. मी तिला ते दाखवलं आणि उद्या याच्यावर काय अवलंबून आहे ते सांगितलं. लायसन नाही तर गाडीला हात लावता येणार नाही. गाडी नाही तर पीठ नाही. तिचा चेहरा उतरला तो मी विसरणार नाही. आधी सुपाकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटांकडे, मग बोटं पदराला पुसायला लागली, आणि पुसतच राहिली.

माय आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच ओरडायला लागली, शेजारच्या चार घरांना कळलं. "डाळ समजली का गं मेले ही? फोडणी पण देऊन टाकायची होती!" मी म्हटलं, माझ्याकडं टर्पेंटाइन आहे, त्यानं पुसून बघतो. माय म्हणाली, "एकीनं तेल लावलं, आता दुसरा टर्पिन लावतोय. काडी पण लाव!" तेवढ्यात आबाची गाडी आली. आत येता येता नाक वर करून तो म्हणाला, "कोणाचं पोट तुंबलंय?" कोणी हसलं नाही तेव्हा त्याला कळलं. त्यानं सुपं बघितली. वाकून लायसन उचललं. ओरडेल असं आम्हाला वाटलं, तो ओरडला नाही. बाहेर गेला, गाडीभोवती एक चक्कर मारली, काच पुसली, पुसलेलीच काच परत पुसली, आत आला. आणि लग्नानंतर पहिल्यांदा सरळ तिच्याकडं बघून बोलला.

"कशापायी केलं?"

ती खाली मान घालून म्हणाली, "किडे खात होते, मामा. आमच्याकडं डाळीला लावत्यात."

"डाळ शिजवून खायची असती. आता हे शिजवून खाऊ का मी?"

मला वाटलं आता रडते. तर मान तशीच खाली ठेवून म्हणाली, "डाळ याच्यावरच शिजती ना. म्हणून तर लावलं."

माय म्हणाली, "बघा, जीभ बघा!" आबा परत बाहेर गेला.

शेजारी रहीमचाचा राहायचे, तेही स्टँडवरचेच ड्रायव्हर. गलका ऐकून आले, लायसन वास घेऊन बघितलं आणि म्हणाले, "अरे, पोरीनं लायसनला जुलाब दिलाय. आता जुने दंड सगळे साफ होतील तुझे." मग म्हणाले, रांगोळी आणा. शर्टाला ग्रीस लागलं की त्यांची बायको वर रांगोळी टाकून दाबून ठेवायची, मग कागद ठेवून इस्त्री फिरवायची. मायनं रांगोळीचा डबा आपटून आणून दिला. चाचांच्या घरची कोळशाची इस्त्री आली. दिवेलागणीपर्यंत आम्ही तिघं बाप्ये एका लायसनवर वाकून बसलो होतो, रांगोळी टाक, झटक, इस्त्री फिरव, परत टाक. गया दारात उभी. मधे ती पुढं आली तर माय म्हणाली, "तू हात लावायचा नाय." तेल बरंचसं ओढलं गेलं. आबानं लायसन दिव्यापाशी नेलं, लांब धरून बघितलं. म्हणाला, "नंबर दिसतो. मी दिसत नाय."

जेवायला शेंगोळे होते. थाळ्यांत तसेच गार झाले. मायनं सांगून टाकलं, सकाळच्या एस.टी.नं हिला सायखेड्याला पोचवायची, चार महिने तिथंच राहू दे, घरातल्या वस्तूला हात कधी लावायचा ते शिकून येऊ दे. चार महिने म्हटलं तरी तेव्हा असं गेलेली बाई परत येईलच याचा नेम नसायचा. आमच्याच ओळीत एक गेली होती आणि तिची जागा दुसरीनं घेतली होती. मी म्हटलं, "मग मी पण जातो." माय म्हणाली, "जा, कांदे काढ तिथं." आबा भिंतीला टेकून बसला, उठला, परत बसला. हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. गयानं दोन लुगडी, फणी, आरसा एका फडक्यात बांधलं आणि बोचकं दाराशी ठेवलं.

इथं मला थांबावं लागलं. उठून पाणी पिऊन आलो. परवा मिलिंद म्हणाला, "पप्पा, आई कधी घाबरायची नाही ना?" मी म्हटलं, नाही. खोटं बोललो असं नाही. त्या दिवशी ती घाबरली होती, पण तिचे हात थांबले नव्हते, बोचक्याला तिनं गाठी सुद्धा नीट मारल्या होत्या. संस्थेच्या बाईंना हेही सांगायला हवं की तेल लागलेल्या एकाही कागदाला पुढं कसर लागली नाही. उंदीर मात्र आले, वासानं. तेव्हापासून पेटी जाऊन पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा आला. आणि हातमोज्यांचं म्हणाल तर गया कागदांना हात लावायच्या आधी हात धुऊन कोरडे करायची, मग तेच हात राखेला लावून झटकायची. मला हे कधी करायला लावलं नाही. मला ती चमचे ठेवायला सांगायची, बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा सगळ्यांच्या आधी उठला. अंघोळ केली, खाकी शर्ट चढवला, चिंचेनं टॅक्सीवाल्याचा पितळी बिल्ला घासून खिशावर लावला. मायनं रागारागानं भाकरी थापल्या, पण थापल्या, आणि ठेचा घालून फडक्यात बांधून गयाच्या हातात दिल्या. "बसमधी उघडी खिडकी धर, तुला मळमळतं," एवढंच म्हणाली आणि आत गेली. आबा गयाला म्हणाला, "चल." ती बोचकं घेऊन मागच्या दाराकडं गेली. त्यानं पुढचं दार उघडलं. "पुढं बस." मला म्हणाला, "तू मागं." त्या गाडीत पुढच्या सीटवर आमच्या घरातली बाई कधी बसली नव्हती, माय सुद्धा नाही. गया बोचकं मांडीवर घेऊन ताठ बसली. तिला शहरातले रस्ते ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. चौक आला तेव्हा मी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. एस.टी. स्टँडला जायचं तर तिथून एका अंगाला वळायचं. आबानं वेग कमी केला, हात बाहेर काढला, आणि दुसऱ्याच अंगाला वळला. ती खिडकीबाहेर दुकानं बघत होती. सायखेड्याला जायची वाचली हे तिला कळलंच नाही.

लायसनच्या ऑफिसापुढं गाडी लागली. आबा तिला म्हणाला, "उतर. बोचकं राहू दे." ती त्याच्या मागं, मी तिच्या मागं, अशी आमची रांग खिडकीपाशी गेली. आतल्या कारकुनानं लायसन हातात घेतलं, बोटं एकमेकांवर घासून बघितली, मग नाकाशी नेली. "हे काय, तळून आणलंय का?" रांगेतली माणसं हसली. गयानं पदर तोंडाला लावला. आबा बाजूला सरला आणि तिला पुढं उभी केली, त्या खिडकीच्या चौकटीत, सगळ्यांना दिसेल अशी.

"साहेब," तो म्हणाला, "घरात कागद सांभाळणारं माणूस आणलंय. पहिल्याच दिवशी जरा जास्त सांभाळलं."

कारकून तिच्याकडं बघत राहिला. मग उठला, आतून जुनं रजिस्टर काढून आणलं, नंबर ताडून बघितला, दोनदा बघितला. नवा फोटो घेऊन या म्हणाला, नव्या लायसनची पावती फाडली, आणि तेलकट लायसनवर रद्दचा शिक्का मारून परत दिलं. आबानं ते घेतलं. खिशात घातलं नाही. वळून गयाच्या हातात दिलं.

"हे बी पेटीत टाक," म्हणाला. "पण कोरडं."